रायपूरचे युधिष्ठिर : वामनराव लाखे

आजचा आपला मुक्काम आहे रायपूर, छत्तीसगडची राजधानी.

रायपुरात रिक्षात बसून नुसतं 'लाखेनगर' म्हटलं की पुरतं, पत्ता समजावून सांगावा लागत नाही. शहराच्या जुन्या वस्तीजवळचा हा गजबजलेला भाग. इथे वामनराव लाखे यांच्या नावाची एक शाळाही आहे. लाखे हे आडनाव ऐकलं की मराठी माणसाचे कान टवकारतातच. मग प्रश्न पडतो, हे लाखे होते तरी कोण? राजे होते? आमदार होते? मोठे लेखक होते?

यातलं काहीच नव्हते. ते वकील होते. एका मासिकाचे प्रकाशक होते, एका बँकेचे बिनपगारी सचिव होते, एका राष्ट्रीय शाळेचे मंत्री होते. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. हिंदी मुलखात संस्थेच्या सचिवाला 'मंत्री' म्हणतात, तेव्हा मंत्री म्हटल्यावर लाल दिव्याची गाडी डोळ्यांसमोर आणू नका. मंत्री म्हणजे सभेची नोटीस काढणारा, हिशेब ठेवणारा, वर्गणी थकली की दारोदार जाणारा माणूस.

वामनरावांनी आयुष्यभर जास्त करून असलीच कामं केली. गाव उभं राहतं ते अशाच माणसांवर आणि गाव विसरतं तेही आधी अशाच माणसांना. वामनरावांचं आयुष्य आज सांगतोय ते त्यासाठी.

रायपुरात मराठी माणूस आला कसा?

थोडं मागे जाऊ. छत्तीसगडावर शेकडो वर्षं हैहयवंशी कलचुरींचं राज्य होतं. रतनपूर ही त्यांची जुनी गादी, बिलासपूरजवळची. पुढे रायपुरातही त्यांची एक शाखा नांदली. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले होते. वाटेत त्यांनी रतनपूर घेतलं. हे तेच भास्करपंत, ज्यांच्या स्वारीची आठवण बंगालमध्ये अजून 'बर्गी' या शब्दात उरली आहे. १७५८ पासून रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. रतनपूरच्या टेकडीवरचं राममंदिर त्यांच्याच काळातलं.

राज्य आलं की राज्याबरोबर माणसं येतात. कारकून आले, शिपाई आले, भिक्षुक आले, वैद्य आले. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला. कॅप्टन ॲग्न्यू याने कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि तेव्हापासून रायपूरचं महत्त्व वाढत गेलं. १८३० मध्ये राज्य पुन्हा भोसल्यांकडे आलं आणि १८५४ मध्ये नागपूरची गादीच खालसा झाली.

राज्य गेलं, माणसं मात्र राहिली. रायपुरात आजही 'तात्यापारा' नावाचा भाग आहे. छत्तीसगडीत 'पारा' म्हणजे मोहल्ला, आळी. त्या नावातला 'तात्या' आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो.

आता या मराठी घरांपुढे एक प्रश्न होता. ज्या सत्तेबरोबर ही माणसं आली, ती संपली होती. आता या मुलखात राहायचं ते कोण म्हणून? जुन्या राज्यकर्त्यांची माणसं म्हणून, की इथलीच म्हणून? या प्रश्नाचं उत्तर कोणी भाषण करून देत नसतं, ते आयुष्यातून दिलं जातं. वामनरावांनी ते कसं दिलं, ते बघू.

दुष्काळाच्या वर्षी निघालेलं मासिक

वामनराव बळीराम लाखे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ चा, रायपूरचाच. त्यांच्या तरुणपणातले स्नेही म्हणजे माधवराव सप्रे. सप्रे वर्षभराने मोठे, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी जन्मलेले. बिलासपूर आणि रायपूर इथे त्यांचं शिक्षण झालं. बी.ए. झाल्यावर सरकारी नोकरीकडे न वळता ते पेंड्र्याला राजकुमारांचे शिक्षक म्हणून गेले. पेंड्रा म्हणजे अमरकंटकच्या वाटेवरचं, रानाने वेढलेलं एक जमीनदारीचं गाव.

त्या गावातून जानेवारी १९०० मध्ये एक हिंदी मासिक सुरू झालं. नाव 'छत्तीसगढ मित्र'. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. नावं पुन्हा वाचा. तिघंही मराठी. मासिक मात्र हिंदी, कारण ज्यांच्यासाठी काढायचं ते लोक हिंदी वाचणारे होते.

त्याच महिन्यात अलाहाबादेहून 'सरस्वती' हे मासिक सुरू झालं. हिंदी साहित्याच्या इतिहासात 'सरस्वती'ला फार मोठं स्थान आहे. पण तिच्या पाठीशी इंडियन प्रेससारखा छापखाना उभा होता. पेंड्र्याला छापखानाच नव्हता. 'मित्र' आधी रायपुरात आणि पुढे नागपुरात छापून घ्यावं लागे. शिवाय वेळ कोणती होती? १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्यातून माणसं सावरत होती तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, तो 'छप्पन्नचा काळ', विक्रम संवत १९५६ वरून हे नाव पडलं. मध्य प्रांताला या दोन्ही दुष्काळांनी पिळून काढलं. अशा वर्षात वाचणारे आधीच थोडे, त्यात पैसे देऊन वाचणारे किती असणार?

आता प्रकाशक म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपण मासिकाचा इतिहास सांगताना संपादकाचं नाव घेतो आणि प्रकाशकाला विसरतो. कागद कोण आणणार? छापखान्याचं बिल कोण भरणार? टपालखर्च कोण सोसणार? अंक घेऊन वर्गणी बुडवणाऱ्यांना पत्रं कोण लिहिणार? हे सगळं प्रकाशकाच्या माथी असतं. यात कायद्याचाही भाग होता. १८६७ च्या छापखानाविषयक कायद्यानुसार नियतकालिकाच्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटसमोर आपल्या नावाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. म्हणजे उद्या एखाद्या मजकुरावरून सरकारची खप्पामर्जी झाली, तर पहिली चौकशी होणार ती या नावांची. सत्तावीस वर्षांच्या लाख्यांनी ही जबाबदारी घेतली.

'मित्र'मध्ये काय यायचं? पुस्तकांची परखड परीक्षणं यायची. हिंदी समीक्षेची सुरुवात सांगताना त्यांचा उल्लेख होतो. १९०१ मध्ये सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा त्यात आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. गोष्ट साधी आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं असतं, म्हणून तो शेजारच्या गरीब विधवेची झोपडी कोर्टकचेरीतून बळकावतो. म्हातारी एक दिवस येते आणि त्या झोपडीतली टोपलीभर माती मागते. तिच्या लहानग्या नातीने अन्न सोडलेलं असतं आणि घरच्या मातीच्या चुलीवरची भाकरी मिळाली तर ती खाईल, अशी म्हातारीला आशा असते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला टोपली उचलत नाही. म्हातारी त्याला जाणीव करून देते की इथे अशी हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार तो जन्मभर कसा वाहणार? जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो.

कथेत जमीनदाराला पश्चात्ताप झाला. प्रत्यक्षात तो क्वचितच होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे वामनरावांनी जे केलं त्याचा धागा इथे जुळतो.

तीन वर्षं चालून १९०२ च्या अखेरीस 'छत्तीसगढ मित्र' बंद पडलं. कारण नेहमीचंच, पैसा. पुढे सप्रे नागपूरला गेले. १९०७ मध्ये त्यांनी टिळकांच्या 'केसरी'च्या वाटेने जाणारं 'हिंदी केसरी' काढलं. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, घरच्यांच्या आग्रहामुळे त्यांनी लेखी माफी देऊन सुटका करून घेतली आणि ते शल्य त्यांना पुढे बराच काळ छळत राहिलं. नंतर त्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. उत्तर भारतातल्या अनेक घरांत 'गीतारहस्य' पोचलं ते या रायपूरकराच्या हातून. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं.

सप्रे हिंदी साहित्याच्या इतिहासात गेले. त्यांचे प्रकाशक मात्र रायपुरातच राहिले आणि वेगळ्याच कामाला लागले.

सावकाराला पर्याय

१९०४ मध्ये वामनरावांनी वकिलीची परीक्षा दिली आणि रायपुरात वकिली सुरू केली. मुलूख भाताचा, त्यातला बराचसा भाग पावसाच्या भरवशावरचा. अशा मुलखात वकिलापुढे कोणती प्रकरणं येत असतील याचा अंदाज करणं अवघड नाही. कर्ज, गहाण, जप्ती, बेदखली.

धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं वर्ष कसं जातं बघा. आषाढात बी हवं, बैल हवा, मजुरी हवी. हातात पैसा येणार तो धान कापून, मळून झाल्यावर, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात. मधले पाच-सहा महिने काढायचे कसे? सावकाराच्या दारात जाऊन. धान उसनं घ्यायचं आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचं. आपल्याकडे याला सवाई-दिढी म्हणत. एखादं वर्ष पाऊस चुकला की हे कर्ज पुढच्या वर्षावर जातं आणि दोन वर्षं चुकला की जमीन जाते. १९०० च्या दुष्काळानंतर हे चित्र किती गावांत दिसत असेल, त्याची कल्पना करा.

सरकारनेही यावर एक उपाय काढला होता. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. गावातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढायची. कोणी कर्ज बुडवलं तर सगळ्यांनी मिळून भरायचं. यालाच अमर्याद जबाबदारी म्हणतात. जर्मनीत रायफायझेन यांनी रुजवलेली ही पद्धत. तिची मेख अशी, की गहाण ठेवायला तुमच्याकडे काही नसलं तरी शेजाऱ्याला तुमची लायकी माहीत असते. तो तुमच्यासाठी जबाबदारी घेतो आणि पैसा योग्य कामाला लागतोय ना, यावर लक्षही ठेवतो.

पण एक अडचण होती. गावात सगळेच गरीब असतील, तर त्यांच्या संस्थेकडे भांडवल येणार कुठून? याचं उत्तर १९१२ च्या कायद्याने दिलं. आता अनेक छोट्या संस्थांची मिळून एक मध्यवर्ती बँक काढता येऊ लागली. ही बँक शहरातल्या लोकांच्या ठेवी घेणार आणि तो पैसा गावच्या संस्थांना पुरवणार. वकील, व्यापारी, पेन्शनर यांची शिल्लक धानाच्या शेतापर्यंत पोचवणारा हा पाट.

पण शहरातल्या माणसाने आपली पुंजी अशा बँकेत ठेवावी कशाच्या भरवशावर? इमारत नाही, नाव नाही, इतिहास नाही. भरवसा ठेवायचा तो माणसावर. १९१३ मध्ये, म्हणजे कायदा झाल्यावर वर्षभरातच, रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली ती वामनराव लाख्यांच्या पुढाकाराने. ते तिचे अवैतनिक सचिव झाले आणि १९३६ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, त्या जागी राहिले. पुढे १९३७ ते १९४० या काळात ते अध्यक्ष होते.

तेवीस वर्षं सचिव आणि तीन वर्षं अध्यक्ष. या आकड्यांतूनच माणसाचा पिंड कळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सहकार म्हटलं की प्रवरानगर आठवतं, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ आठवतात. ते बरोबरच आहे, पण ती गोष्ट १९५० च्या सुमाराची. त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी या वाटेवर पावलं टाकली होती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली ती १८८९ मध्ये, म्हणजे सहकाराचा कायदाही नव्हता तेव्हा. लाख्यांचं रायपूर त्याच ओळीत बसतं.

रायसाहेब ते 'लोकप्रिय'

सरकारलाही या कामाची दखल घ्यावी लागली. १९१६ मध्ये वामनरावांना 'रायसाहेब' किताब मिळाला. त्या काळी छोट्या शहरात रायसाहेब होणं म्हणजे केवढी गोष्ट! कलेक्टरच्या दरबारात खुर्ची, कचेरीत मान, घराच्या दारावर पाटी.

पण हे रायसाहेब स्वस्थ बसणारे नव्हते. होमरूल चळवळीच्या दिवसांपासून रायपूरच्या राजकारणात त्यांचं नाव दिसतं. १९२० मध्ये असहकाराची हाक आली. सरकारी पदव्या परत करा, सरकारी शाळा-कोर्टं सोडा, हा त्यातला पहिलाच कार्यक्रम. वामनरावांनी रायसाहेबी परत केली. रायपूरच्या लोकांनी त्यांना दुसरा किताब दिला, 'लोकप्रिय'. दरबारी किताबापुढे हा शब्द किती साधा आहे! त्याला सनद नाही, बिल्ला नाही. दिला तो लोकांनी आणि टिकवायचा तोही लोकांत राहून.

सरकारी शाळा सोडा म्हणणं सोपं, पण शाळा सोडलेल्या पोरांचं काय करायचं? १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झालं. त्याचे मंत्री कोण? वामनराव लाखे. पाहिलंत ना, पुन्हा तीच जागा. शहरातल्या ए.व्ही. स्कूलच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ए.व्ही. म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर, इंग्रजी आणि देशी भाषा दोन्ही शिकवणारी शाळा. सुरुवातीला जिचा उल्लेख केला, ती वामनराव लाखे यांच्या नावाची शाळा हीच.

इथे एक पेच समजून घेण्यासारखा आहे. सहकारी बँक सरकारी कायद्याखाली नोंदलेली. तिच्यावर देखरेख करणारा रजिस्ट्रार सरकारी अधिकारी. आणि तिचा सचिव सरकारविरुद्धच्या चळवळीत. त्याने एक पाऊल चुकीचं टाकलं, तर फटका त्या एकट्याला बसणार नव्हता. ठेवीदाराचे पैसे आणि शेतकऱ्याचं बियाणं, दोन्ही त्याच्याशी बांधलेलं. सगळं झुगारून देणं एखाद्या तरुणाला जमतं. ज्याच्याकडे लोकांची पुंजी आहे, त्याला एका हाताने ती सांभाळावी लागते आणि दुसऱ्या हाताने झेंडा धरावा लागतो. वामनरावांनी ही कसरत अनेक वर्षं केली.

पाच पांडव

१९३० उजाडलं. गांधीजी दांडीला निघाले आणि सविनय कायदेभंग देशभर पसरला. मध्य प्रांताला समुद्र नाही, म्हणून इथे मिठाइतकंच जंगल पुढे आलं. जंगलातला चारा आणि लाकूड यांवर सरकारने घातलेले निर्बंध मोडायचे, असे जंगल सत्याग्रह छत्तीसगडात ठिकठिकाणी झाले.

रायपुरात या चळवळीचं नेतृत्व पाच जणांकडे होतं आणि लोकांनी त्यांना नाव दिलं 'पाच पांडव'. युधिष्ठिर म्हणजे वामनराव लाखे. भीम म्हणजे महंत लक्ष्मीनारायण दास. अर्जुन म्हणजे ठाकूर प्यारेलाल सिंह. नकुल म्हणजे मौलाना अब्दुल रऊफ. आणि सहदेव म्हणजे शिवदास डागा.

ही यादी जरा निरखून बघा. एक मराठी वकील, एक वैष्णव मठाचे महंत, राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा संप लढवून आलेला एक छत्तीसगडी नेता, एक मौलाना आणि एक मारवाडी डागा. त्या वेळचं रायपूर कशाकशाचं बनलं होतं, ते या पाच नावांत दिसतं. आणि त्यात मौलाना रऊफना नकुल म्हणताना कोणाला काही वावगं वाटलं नाही.

या पाचांत लाख्यांना युधिष्ठिर का म्हटलं असेल? वयाने थोरले, हे तर झालंच. पण पैशाच्या व्यवहारात वर्षानुवर्षं राहूनही ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्याला दुसरं कोणतं नाव शोभणार?

सरकारने युधिष्ठिराला एक वर्षाची कैद आणि तीन हजार रुपये दंड ठोठावला. त्या काळचे तीन हजार रुपये! वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी सिमगा इथे सत्याग्रह केला आणि चार महिन्यांची शिक्षा भोगली. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्या वयाचा माणूस घरी बसला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

१९४५ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आणखी एक काम उभं केलं. बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी तांदूळ गिरणी. हा नुसता आणखी एक उद्योग नव्हता. १९१३ मध्ये शेतकऱ्याला कर्ज मिळायची सोय झाली. पण पिकलेलं धान तो विकणार व्यापाऱ्यालाच आणि भरडून तांदूळ करण्यातला नफाही जाणार व्यापाऱ्याकडेच. गिरणी शेतकऱ्याची झाली, तर तो नफा त्याच्याकडे येतो. म्हणजे बियाण्यापासून तांदळापर्यंतची साखळी पुरी होते. प्रवरानगरच्या कारखान्यामागे ऊसाच्या बाबतीत हाच विचार होता.

स्वातंत्र्य त्यांनी पाहिलं. पुढे वर्षभराने, २१ ऑगस्ट १९४८ रोजी, ते गेले.

ही गोष्ट राखली कोणी?

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. पाच पांडवांतले अर्जुन, ठाकूर प्यारेलाल सिंह, हे पुढे रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. विणकरांचा सहकारी संघ त्यांनी उभा केला. १९५२ मध्ये ते आमदार झाले आणि १९५४ मध्ये भूदानाच्या पदयात्रेत असताना वारले. त्यांचे चिरंजीव हरि ठाकूर, जन्म १९२७ चा. लाखे गेले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. म्हणजे वामनराव त्यांच्या दृष्टीने पुस्तकातलं नाव नव्हतं, वडिलांच्या बरोबरीने लढलेला माणूस होता.

हरि ठाकूर हिंदी आणि छत्तीसगडीतले नावाजलेले कवी. छत्तीसगडी चित्रपट 'घर द्वार'साठी त्यांनी लिहिलेली गाणी मोहम्मद रफींच्या आवाजात लोकांनी ऐकली. १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही ते सामील झाले होते. गोमंतकातल्या आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. रायपूरचा एक कवी गोव्यासाठी निघाला होता.

पण आपल्या दृष्टीने त्यांचं मोठं काम वेगळं आहे. छत्तीसगडातल्या माणसांचा इतिहास त्यांनी चिकाटीने लिहून काढला. कोणी सत्याग्रह केला, कोण तुरुंगात गेलं, कोणी शाळा काढली, कोणी मासिक चालवलं. 'छत्तीसगढ गौरव गाथा' हे त्यांचं या विषयावरचं मोठं पुस्तक. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरि ठाकूर वारले.

स्थानिक इतिहासकाराचं काम नेमकं काय असतं? आपल्याकडे राजवाड्यांचं उदाहरण आहे. दप्तरं शोधत ते गावोगाव फिरले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापून काढली. पण राजवाडे ज्यांच्या मागे होते, ते कागद राज्याचे, सरदारांचे. लाख्यांसारख्या माणसाचे कागद कुठे असतात? बँकेच्या वार्षिक अहवालात, शाळेच्या इतिवृत्तात, तुरुंगाच्या नोंदवहीत, बंद पडलेल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर अगदी खाली, बारीक अक्षरात. हे कागद कोणी 'साधन' म्हणून जपत नाही. संस्था जागा बदलते, रद्दीवाला येतो, एका दुपारी सगळं जातं. मग उरतात आठवणी आणि आठवण असलेली माणसंही एकेक करून जातात. ती जाण्याआधी जो लिहून ठेवतो, त्याच्यामुळे गाव शिल्लक राहतं.

हा माणूस कोणाच्या खात्यात?

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सत्ता गेल्यावर या मुलखात राहायचं ते कोण म्हणून?

वामनरावांना मराठी इतिहासात शोधलंत तर ते फारसे सापडत नाहीत. साहजिकच आहे. त्यांनी चालवलेलं मासिक हिंदी, त्यांची बँक छत्तीसगडी शेतकऱ्यांसाठी, त्यांची गिरणी बलौदाबाजारला. 'मराठी माणसाने मराठीसाठी काय केलं' अशा चाळणीतून त्यांचं नाव खाली पडून जातं. हिंदी साहित्याच्या इतिहासात शोधलंत तर तिथे सप्रे ठळक दिसतात आणि प्रकाशकाचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. सहकाराच्या इतिहासात शोधलंत तर महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांनी पान भरलेलं असतं. तिन्ही खात्यांत हा माणूस उपराच.

एक खातं मात्र असं आहे जिथे ते मधोमध उभे आहेत. ते म्हणजे रायपूरचं खातं. छप्पन्नच्या काळातलं मासिक, १९१३ ची बँक, १९२१ चं विद्यालय, १९३० चा तुरुंग आणि १९४५ ची गिरणी हे सगळं एकाच माणसाचं एकसंध आयुष्य आहे, हे फक्त गावाच्या इतिहासातच दिसतं.

भोसल्यांच्या फौजेबरोबर मराठी माणसं या मुलखात आली तेव्हा ती सारा वसूल करायला आली होती. दीड शतकानंतर याच समाजातला एक माणूस त्याच मुलखातल्या शेतकऱ्यापर्यंत कर्जाऊ पैसा पोचवण्यासाठी बिनपगारी राबला. त्या प्रश्नाचं उत्तर वामनरावांनी हे दिलं. आणि रायपूरने त्यांना युधिष्ठिर म्हटलं, त्यांचं नाव वस्तीला आणि शाळेला दिलं, म्हणजे ते उत्तर गावानेही मान्य केलं.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तंजावर, जबलपूर, तुम्ही कुठूनही हे वाचत असाल, एक काम करून बघा. तुमच्या गावातली पन्नास-शंभर वर्षं जुनी एखादी संस्था घ्या. वाचनालय, पतपेढी, शाळा, मंडळ, काहीही. तिच्या अध्यक्षांचे फोटो भिंतीवर असतीलच. तुम्ही पहिल्या सचिवाचं नाव विचारा. कार्यालयात कोणालाच ते ठाऊक नसेल, तर जुनी इतिवृत्तं कुठल्या कपाटात आहेत ते विचारा आणि ती रद्दीत जाण्याआधी एकदा वाचून काढा. फोनवर पानांचे फोटो काढून ठेवलेत तरी पुष्कळ झालं.